वाट पाहणाऱ्यांचे युद्ध

२५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबाद येथे पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्याच्या इमारतीत एका आईची आणि तिच्या मुलाची भेट झाली. दोघांच्या मध्ये काच होती आणि बोलणे यंत्रातून चालले होते. मुलगा म्हणजे भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव. आयुष्यभर साडीच नेसणाऱ्या त्या माउलीला भेटीपूर्वी सलवार-कुर्ता घालावा लागला होता. तिच्या आणि सुनेच्या कपाळावरचे कुंकू, हातातल्या बांगड्या, गळ्यातले मंगळसूत्र, सारे उतरवून घेण्यात आले होते. काचेपलीकडून आईचे ते रूप पाहताच मुलाने पहिला प्रश्न केला तो वडिलांच्या प्रकृतीचा. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, याचा अर्थ आपल्यामागे घरात काही अशुभ घडले, अशी शंका त्याच्या मनाला चाटून गेली. मुलाशी मायबोलीत, मराठीत बोलू पाहणाऱ्या आईला वारंवार अडवण्यात आले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी २८ डिसेंबर रोजी संसदेत हा सारा वृत्तान्त सांगितला, तेव्हा पक्षभेद विसरून सभागृहाने त्याचा निषेध केला.

त्या अपमानाची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. वृत्तवाहिन्यांवर संतापाचे कढ आले आणि ओसरले. पण त्या भेटीनंतर त्या दोन स्त्रिया परतल्या तेव्हा मनावर कोणते ओझे घेऊन परतल्या, याचा विचार फारसा कोणी केला नाही. मुलगा जिवंत दिसला, हा आनंद म्हणावा, तर त्याला स्पर्श करता आला नाही. आपल्या रूपानेच त्याच्या काळजात धस्स केले, ही खंत आईने कोठे नेऊन ठेवावी? आपल्या माणसासाठी लढणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या जखमा अशा असतात. त्या वैद्यकीय अहवालात नोंदवल्या जात नाहीत, त्यांना पदक नसते आणि बहुतेक वेळा त्यांना नावही नसते.

युद्धात लढणाऱ्या सैनिकाचे युद्ध कधीतरी संपते. तो विजयी होऊन परततो, जखमी होऊन परततो किंवा तिरंग्यात लपेटून परततो. जो परतला नाही आणि ज्याचा मृत्यूही कोणी पाहिला नाही, त्याच्या घरी मात्र एक दुसरे युद्ध सुरू होते. त्याला आघाडी नाही, युद्धबंदी नाही आणि तहही नाही. ते युद्ध लढणारे असतात वृद्ध वडील, तरुण पत्नी, बहीण, आणि कधी तर बापाला कधी पाहिलेच नाही असे मूल. राष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मरण हा समाज करतो, निदान करण्याचा प्रयत्न तरी करतो. परंतु आपल्या माणसासाठी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या या माणसांचे ऋण कोणाच्या खात्यावर लिहायचे, हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

१९७१ च्या युद्धाचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धबंदी भारताच्या हाती लागले. भारताने त्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागवले आणि १९७४ च्या एप्रिलपर्यंत परत पाठवले. पाकिस्ताननेही १९७२ च्या डिसेंबरमध्ये सहाशेहून अधिक भारतीय युद्धबंदी सोडले. पण त्या परतलेल्यांच्या रांगेत काही चेहरे नव्हते. पुढे ज्यांचा उल्लेख 'बेपत्ता ५४' असा होऊ लागला, ते हे सैनिक आणि अधिकारी. भारत सरकारच्या नोंदीनुसार या ५४ जणांसह एकूण ८३ बेपत्ता सैनिकांचा प्रश्न पाकिस्तानकडे वारंवार मांडण्यात आला आहे आणि पाकिस्तानने आपल्या तुरुंगात असे कोणी असल्याचे कधीही मान्य केलेले नाही.

तिसऱ्या जिनिव्हा कराराचा नियम स्पष्ट आहे. पकडला गेलेला सैनिक छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत त्याला आपल्या घरी आपण कैदेत असल्याचे कळवणारे पत्र लिहू दिले पाहिजे. युद्ध थांबताच विनाविलंब त्याला मुक्त केले पाहिजे. आठवडाभरात जे एक पत्र यायला हवे होते, त्याची वाट या घरांनी अर्धशतकाहून अधिक काळ पाहिली आहे.

मेजर अशोक सुरी यांच्या घरी पत्र आले, पण कोणत्या मार्गाने? युद्धात कामी आले असे ज्यांच्याविषयी कळवण्यात आले होते, त्या अशोकच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी १९७४ च्या डिसेंबर महिन्यात त्यांचे वडील डॉ. आर. एस. सुरी यांच्या हाती पडली. पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक पत्र आले. त्यात आपल्यासोबत इतरही भारतीय अधिकारी असल्याचे नमूद होते. हस्ताक्षराची तपासणी झाली आणि सरकारदरबारी 'मृत' असलेला मुलगा 'बेपत्ता' ठरला. कागदावरचा एक शब्द बदलला आणि एका वृद्ध पित्याचे उरलेले सारे आयुष्य त्या शब्दाभोवती फिरत राहिले. डॉ. सुरी यांनी अशा कुटुंबांना एकत्र आणले, मंत्र्यांची दारे ठोठावली, परदेशी संस्थांना पत्रे लिहिली. मुलाचा ठावठिकाणा न कळताच ते गेले. मुलाच्या मृत्यूचे दुःख एकवेळ पचवता येते. परंतु मुलगा जिवंत आहे, त्याने हाक मारली आहे आणि आपण तेथवर पोहोचू शकत नाही, हे दुःख कोणत्या बापाने कसे पचवावे?

दमयंती तांबे यांची कथाही अशीच आहे. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी असलेल्या दमयंतीबाईंचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात शत्रूच्या प्रदेशावर विमान घेऊन गेले, ते परतले नाहीत. लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. पाच भारतीय वैमानिक पकडल्याची बातमी त्याच सुमारास 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने छापली. त्यातले एक नाव 'टॉम्बे' असे होते. हे मराठी आडनाव परक्या जिभेवर किंचित मोडले होते, पण घरच्यांना ते ओळखू येण्यासारखे होते. दमयंतीबाईंनी पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली. पुन्हा लग्न केले नाही. त्यांचा लढा मात्र आयुष्यभर सुरू राहिला. पाच दशके एखादी स्त्री अशी उभी राहते तेव्हा समाज तिला 'आदर्श पत्नी' म्हणून हात जोडतो आणि मोकळा होतो. तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे हात जोडण्याहून कितीतरी अवघड असते.

या अवस्थेचे दुःख आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. परदेशी गेलेल्या आणि कोणतीच वार्ता नसलेल्या माणसाची एक तप, म्हणजे बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे, असा विधी धर्मशास्त्राने सांगितला. सात वर्षे कोणतीच खबर नसलेला माणूस मृत मानता येतो, अशी तरतूद १८७२ च्या साक्ष्य कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. शास्त्राने बारा वर्षे सांगितली, कायद्याने सात सांगितली. हेतू दोहोंचा एकच, मागे राहिलेल्यांना जगण्याची वाट मोकळी करून देणे. परंतु ज्या घरात मुलाचे पत्र येऊन पडले आहे, ज्या घरात वृत्तपत्रात छापलेले नाव जपून ठेवले आहे, त्या घराने पळसाच्या पानांना अग्नी कोणत्या हाताने द्यावा? तसे करणे म्हणजे आपल्या माणसाला आपणच मारणे होय, असे त्या घराला वाटत असेल, तर त्याला दोष कोण देणार?

या प्रश्नाला एक अत्यंत घरगुती बाजू आहे आणि ती आपल्या समाजातल्या प्रत्येक स्त्रीला सांगितल्याशिवाय कळेल. चैत्रात, संक्रांतीला हळदीकुंकू होते. ज्या घरचा माणूस बेपत्ता आहे त्या घरच्या सुनेला बोलवायचे की नाही, याची आळीत कुजबुज होते. बोलावले तर कुंकू लावताना बोट क्षणभर थबकते. नाही बोलावले तर न बोलावण्याचा अर्थ तिला बरोबर कळतो. पितृपक्षात घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो, पान वाढायचे की नाही? वाढले तर सुनेच्या डोळ्यांकडे बघवत नाही आणि न वाढले तर मनात खंत राहते. शत्रूच्या तुरुंगातील भिंती दिसतात तरी. घराघरात उभ्या राहिलेल्या या भिंती दिसतही नाहीत.

अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात आग्नेय आशियातील युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या वियोगाला निश्चित शेवट नसतो, त्या वियोगाचा त्यांनी स्वतंत्र विचार मांडला. अशा माणसांच्या वागण्यात जे विचित्र दिसते, तो त्यांच्या मनाचा आजार नसून त्यांच्यावर लादलेल्या परिस्थितीचा परिणाम असतो, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे. धड शोक नाही आणि धड आशाही नाही, अशा स्थितीत मन थिजून जाते. 'आता विसरा', 'आता सावरा' असे सल्ले अशा माणसाला देणे म्हणजे उघड्या जखमेवर पट्टी न बांधता ती भरली असे जाहीर करण्यासारखे आहे.

महाराष्ट्राला तर ही जखम अडीचशे वर्षांपासून परिचित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याचा निरोप मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत दक्षिणेत पोहोचला. मोत्यांची आणि मोहरांची संख्या त्यात होती, खुर्द्याची गणती नव्हती. त्या अगणित माणसांच्या घरी पुढे काय झाले, हे इतिहासाने लिहून ठेवले नाही. एकीचे मात्र ठेवले. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मानला नाही आणि सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, हजारो लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत मराठी राज्यात मोठी खळबळ माजली. न. चिं. केळकरांना या विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहावेसे वाटले, यात नवल नाही.

तोतयाच्या त्या प्रकरणाकडे सहसा राजकीय कारस्थान म्हणून पाहिले जाते. त्यातली मानवी बाजू अधिक दारुण आहे. जेथे निश्चित उत्तर नसते, तेथे आशेचा व्यापार करणारे उभे राहतात. 'तुमच्या माणसाला अमुक तुरुंगात पाहिले', 'अमुक रक्कम द्या, निरोप पोहोचवतो' असे सांगणारा कोणी दारात आला, तर त्याला घालवून देण्याचे बळ कोणत्या आईत असते? आणि नंतर ती बातमी खोटी निघाली, तर माणूस पुन्हा एकदा हरवतो. सरकारने वेळच्या वेळी सत्य सांगितले नाही, म्हणजे ती जागा रिकामी राहत नाही. अफवा आणि फसवणूक ती भरून काढतात.

आपल्या माणसासाठी लढणाऱ्याला शत्रूपेक्षाही आपल्याच लोकांकडून होणाऱ्या जखमा अधिक खोल असतात, ही गोष्ट कटू असली तरी सत्य आहे. सरबजित सिंग यांच्या भगिनी दलबीर कौर यांनी भावाच्या सुटकेसाठी दोन दशकांहून अधिक काळ लढा दिला. १९९० मध्ये सीमेपलीकडे पकडलेला आपला भाऊ निर्दोष आहे, तो चुकून हद्द ओलांडून गेला, हे त्या सांगत राहिल्या. २००८ मध्ये लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात त्यांना त्याची भेटही मिळाली. २६ एप्रिल २०१३ रोजी त्याच तुरुंगात सरबजितवर प्राणघातक हल्ला झाला आणि २ मे रोजी त्यांचा मृत्यू झाला. ज्याला घरी आणायचे त्याचे पार्थिव आणावे लागले. एवढ्यावरही संपले नाही. त्यांच्या बहीण असण्यावरच शंका घेणारे आवाज पुढे उठले. जून २०२२ मध्ये दलबीर कौर गेल्या. ज्या बाईने तारुण्य आणि प्रौढपण भावाच्या सुटकेसाठी खर्ची घातले, तिला अखेर आपल्या नात्याचा पुरावा द्यावा लागावा, याहून मोठा घाव कोणता?

पालमपूरचे डॉ. एन. के. कालिया यांचा लढा वेगळा आहे. त्यांना उत्तर मिळाले आहे, न्याय मिळालेला नाही. मे १९९९ मध्ये कारगिलच्या काकसर भागात गस्तीवर गेलेले त्यांचे बावीस वर्षांचे चिरंजीव कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान पाकिस्तानच्या हाती लागले. ९ जून १९९९ रोजी त्यांचे देह परत करण्यात आले तेव्हा त्यांच्यावर झालेल्या अनन्वित छळाच्या खुणा साऱ्या देशाने ऐकल्या. सौरभला न्याय मिळावा म्हणून पित्याने पुढची वर्षे अर्ज, पत्रव्यवहार आणि गाठीभेटी यांत घालवली. २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रत्येक वेळी नव्या अधिकाऱ्यासमोर, नव्या पत्रकारासमोर, आपल्या मुलाच्या देहाचे काय झाले होते हे त्या बापाला पुन्हा सांगावे लागते. लढा सुरू ठेवण्याची किंमत म्हणून जखम रोज स्वतःच्या हाताने उघडायची, ही शिक्षा कोणत्या न्यायाने त्यांच्या वाट्याला आली? आणि या बाबतीत कोणत्याही पक्षाच्या सरकारला निष्कलंक म्हणता येणार नाही. हा विषय आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याबाबत काँग्रेसच्या राजवटीत चालढकल झाली. २०१५ मध्ये नव्या सरकारनेही आधी नकाराचाच सूर लावला आणि लोकांचा रोष दिसल्यावर फेरविचाराची भाषा केली. सत्ता बदलली तरी फाइल तीच राहिली.

हे दुःख कोणत्याही एका प्रांताचे वा पंथाचे नाही. मुंबईतील एका तरुणाने २०१२ मध्ये इंटरनेटवरील ओळखीच्या ओढीने अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानात जाण्याचा अविचार केला आणि तो तेथे गजाआड झाला. त्याच्या आईने, एका मुस्लीम प्राध्यापिकेने, सहा वर्षे त्याच्यासाठी जिवाचे रान केले. डिसेंबर २०१८ मध्ये तो वाघा सीमेवरून परतला तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांच्या गळ्यात पडून ती रडली. धुळे जिल्ह्यातील एक जवान सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेला. आई-वडिलांविना त्याला वाढवणाऱ्या आजीने ती बातमी ऐकली आणि त्या धक्क्याने तिचा प्राण गेला. जानेवारी २०१७ मध्ये नातू सुटून आला, तो आजी नसलेल्या घरात. त्या आजीचे नाव कोणत्याही युद्धाच्या हानीत मोजले जाणार नाही. पण सीमेवरच्या त्या घटनेचा पहिला बळी तीच होती, हे नाकारता येणार नाही.

येथे मूळ मुद्द्याकडे यायला हवे. आपल्या माणसासाठी लढणे ही कुटुंबाची खासगी बाब आहे, अशी एक समजूत नकळत रूढ झाली आहे. ती समजूतच चुकीची आहे. सैनिक रणांगणावर जातो तो राष्ट्राच्या आज्ञेने. त्याला परत आणण्याची, निदान त्याचे काय झाले हे सांगण्याची जबाबदारी आज्ञा देणाऱ्याची असते. ती जबाबदारी पार पडत नाही, तेव्हा ती बापाच्या वाकलेल्या खांद्यावर आणि पत्नीच्या एकाकी आयुष्यावर येऊन पडते. या जखमा म्हणजे राष्ट्राने न उचललेल्या ओझ्याचे वळ आहेत.

हे ओझे राज्याने उचलावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. इतिहासात त्याचे उदाहरण याच मातीत आहे. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई बाल शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटले, पण मातोश्री ओलीस राहिल्या. मुलाने आईला विसरले नाही आणि त्याच्या राज्यानेही विसरले नाही. बाळाजी विश्वनाथांनी सय्यद बंधूंशी बोलणी केली तेव्हा चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदांबरोबरच येसूबाईंची सुटका हेही तहाचे कलम होते. १७१९ मध्ये त्या स्वराज्यात परतल्या. जवळजवळ तीस वर्षांनंतर! आपले माणूस तहाच्या कलमात बसवण्याची ही दृष्टी होती. १९७२ मध्ये सिमल्याला ९३ हजार कैद्यांचे पारडे हाती असताना आपल्या प्रत्येक बेपत्ता सैनिकाचा हिशेब आधी मागितला गेला असता तर, असे या कुटुंबांना वाटत राहिले. त्या वाटण्याला उत्तर देणे कोणत्याही सरकारला सोपे गेलेले नाही.

राज्य पाठीशी उभे राहिले तर काय होऊ शकते, याचे अलीकडचे उदाहरणही आहे. जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली तेव्हा भारत सरकार स्वतः हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. नागपूरच्या मातीत वाढलेले विधिज्ञ हरीश साळवे यांनी अवघा एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचा निर्वाळा दिला आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. जाधव यांची सुटका अद्याप झालेली नाही, ही वेदना आहेच. परंतु त्या कुटुंबाला न्यायालयात एकटे जावे लागले नाही. पाठीशी देश होता. जखम तीच असते, पण ती एकट्याने सोसणे आणि देशाच्या आधाराने सोसणे यात फार अंतर आहे.

या उलट 'बेपत्ता ५४' च्या कुटुंबांचा अनुभव पाहा. १९८३ मध्ये सहा नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आले. जून २००७ मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंगांना भेट देऊन आले. दोन्ही वेळा हाती काही लागले नाही. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आणि कुटुंबांना निवृत्तीचे लाभ देण्याचा आदेश केंद्राला दिला. पुढच्याच वर्षी त्याला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली, आणि ती मागणारे आपलेच सरकार होते. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांविषयीची समिती २०१३ नंतर थंडावली. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. त्या याद्यांत ही नावे नसतात. वर्षातून दोनदा आशा उगवते आणि त्याच दिवशी मावळते.

२०२१ मध्ये एक्याऐंशी वर्षांची एक आई सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचा मुलगा कॅप्टन संजित भट्टाचार्जी एप्रिल १९९७ मध्ये कच्छच्या रणातील सीमेवर गस्तीवर असताना बेपत्ता झाला होता. त्याचे वडील वाट पाहून गेले होते. न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात गेले आणि १ मार्चला परत आले. सारा देश त्या दिवशी आनंदला, आणि ते योग्यच होते. पण त्याच दिवशी देशातल्या काही घरांत आनंदाश्रूंबरोबर जुना हुंदकाही फुटला असेल. 'आमच्यासाठी देश असा जागा का राहिला नाही?' हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

मग करायचे काय? केवळ हळहळ व्यक्त करून हा विषय संपवता येणार नाही. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या पत्नी आणि माता १९७० मध्ये एका संघटनेत एकत्र आल्या. बंदिवान नौदल वैमानिकाच्या पत्नी सिबिल स्टॉकडेल त्यांच्या अग्रभागी होत्या. त्यांच्या रेट्यामुळे बेपत्तांचा हिशेब ठेवणे हे तेथील शासनाचे कायम कर्तव्य बनले. आजही तेथे संरक्षण खात्याची स्वतंत्र यंत्रणा दुसऱ्या महायुद्धापासूनच्या ऐंशी हजारांहून अधिक बेपत्तांचा शोध घेते, अवशेष ओळखते आणि घरच्यांना कळवते. त्या देशाच्या धोरणांशी मतभेद असतील, पण आपल्या माणसाची गणती करण्याच्या या वृत्तीपासून शिकण्यास काय हरकत आहे?

पहिली गरज आहे ती एका जबाबदार कक्षाची. संरक्षण, परराष्ट्र आणि गृह या तीन खात्यांत हेलपाटे घालण्याऐवजी कुटुंबाला एकच दार असावे आणि वर्षातून एकदा, काही निष्पन्न होवो वा न होवो, लेखी उत्तर मिळावे. 'नवीन काही कळले नाही' हे वाक्यसुद्धा मौनापेक्षा दयाळू असते. दुसरे, पाकिस्तान रेडिओच्या प्रसारणांतील नावे, वृत्तपत्रांची कात्रणे, पत्रे आणि सुटून आलेल्या कैद्यांचे जबाब यांचा एकत्रित संग्रह करून तो कुटुंबांना खुला करावा. साक्षीदार वयोवृद्ध होत आहेत, हे काम आणखी दहा वर्षे थांबणारे नाही. तिसरे, वेतन आणि निवृत्तिलाभ यांसाठी मृत्यूच्या दाखल्यावर सही करण्याची सक्ती कोणत्याही पत्नीवर होता कामा नये. आणि चौथे, पाकिस्तानशी जेव्हा कधी बोलणी होतील तेव्हा हा विषय शेवटच्या परिच्छेदात न राहता पहिल्या कलमात असला पाहिजे.

पण सर्वच गोष्टी सरकारवर सोपवून समाजाला नामानिराळे राहता येणार नाही. दर रक्षाबंधनाला सीमेवर राख्या पाठवणाऱ्या संस्था गावोगावी आहेत. दिवाळीचा फराळ जवानांना पोहोचवणारी मंडळे आहेत. यातल्या प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन एवढेच विचारावे की, आपल्या भागात बेपत्ता वा बंदिवान सैनिकाचे घर आहे काय? असल्यास तेथे जावे. सत्काराचा नारळ आणि शाल घेऊन एकदा जाणे सोपे आहे, आणि छायाचित्रही चांगले येते. गरज आहे ती तिसऱ्या आणि तेराव्या भेटीची. त्या वृद्ध पित्याचा अर्ज टंकलिखित करून देणारा तरुण हवा, त्याला दिल्लीच्या गाडीत बसवून देणारा आणि उतरवून घेणारा कोणी हवा. त्याच्या मुलाविषयी तो शंभराव्यांदा सांगत असताना पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकणारे कान हवेत. सल्ला नको, 'विसरा' नको आणि 'तुम्ही किती धीराचे' हेही नको. धीराच्या स्तुतीने माणसाला रडण्याची चोरी होते.

आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या घरच्या सुनेला आवर्जून बोलवावे. कुंकू लावताना कोणाचे बोट थबकू नये. तिने आपला माणूस जिवंत मानला आहे. जोपर्यंत हे राष्ट्र तिला दुसरे उत्तर देऊ शकत नाही, तोपर्यंत तिचे मानणे हेच सत्य आहे आणि त्याचा मान राखणे हे समाजाचे कर्तव्य आहे. पानिपताच्या निरोपात खुर्द्याची गणती नव्हती. तेव्हा राज्य कोसळले होते आणि गणती करणारेच उरले नव्हते. आज राज्य आहे, सेना आहे, कचेऱ्या आहेत, नोंदी आहेत. आजही ज्यांची गणती पुरी झाली नाही, त्यांची गणती पुरी करणे एवढेच त्या घरांचे मागणे आहे. ते मागणे पुरे होईल, त्या दिवशीच १९७१ चे युद्ध त्यांच्यासाठी संपेल.